सोळावा गठ्ठा

३ मे

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तीही कामापुरतीच. सोबत दोन पानी अर्ज आहे. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर आणि आतल्याच पाकिटातून परत पाठव. तिकीट लावून ठेवलंय, तुझा पैसा जाणार नाही.

कशाला ते सांगतो, नाहीतर तू म्हणशील धाकट्याने पुन्हा काहीतरी उद्योग करून ठेवला. मी अकाउंटंट बदलतोय. होय, काकांना काढतोय. कागदोपत्री तू अजून अर्धा भागीदार आहेस. तुला कुणी काढलं नाही, तू राजीनामा दिला नाहीस, नुसता निघून गेलास. म्हणून बँकेत आणि टॅक्सच्या ऑफिसात काकांच्या जागी दुसरं नाव घालायचं तर आपल्या दोघांच्या सह्या लागतात.

काका बाबांच्या वेळेपासूनचे, हे मला शिकवू नकोस. बिजागऱ्यांचा पहिला प्रेस उधारीवर आला तेव्हापासून ते वही घेऊन येतात, ठाऊक आहे. पण आता अडुसष्ट वर्षांचे झाले. फोन उचलत नाहीत. मागच्या वर्षी दोनदा टॅक्सचं विवरण उशिरा भरलं, दोनदा दंड बसला, मी गप्प बसलो. या वेळी नोटीस आली तिच्यात लिहिलेलं, दोन महिन्यांपूर्वीच्या पत्राला उत्तर मिळालेलं नाही. ते पत्र काकांच्या खणात सापडलं, वर चहाच्या कपाचा गोल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात बिजागऱ्यांचा ट्रे होता तो भिंतीवर मारला. चारशे बिजागऱ्या शेडभर पसरल्या. पॅकिंगच्या बायका अर्धा तास वेचत होत्या आणि एकीनेही मान वर केली नाही. तू गेल्यापासून शिस्त चांगली आहे.

नवी अकाउंटंट बाई आहे. वय तिशीच्या आसपास, ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर, दोन खोल्या. पहिल्याच भेटीत मला विचारते, जुन्यांना का बदलताय, काम होत नाही म्हणून की राग आलाय म्हणून? राग आला असेल तर पंधरा दिवसांनी या. मी खुर्ची मागे सारून उठलो आणि पंधरा दिवसांनी परत गेलो. मग तिने रीत सांगितली. वर्ष बंद झाल्यावरच बदलायचं, अधेमधे नाही. आधी सगळे कागद मागून घ्यायचे, ते हातात आले की निरोप द्यायचा. जुन्या माणसाची फी शेवटच्या दिवसापर्यंत चुकती करायची आणि त्याच्याकडून 'माझी हरकत नाही' असं पत्र घ्यायचं. एवढं सोपं आहे म्हणाली. शेवटी म्हणाली, भांडण मात्र करू नका. माझ्या तोंडावर लिहिलेलं असतं वाटतं.

तुझा हात आता बरा असेल. त्या तिजोरीचं दार जडच आहे, पटकन लागतं. नंतर मी त्याला रबर बसवून घेतलं.

सही लवकर पाठव.

धाकटा

१२ मे

दादा,

पाकीट तुला मिळालं. वहिनीने सही करून घेतलं, पोचपावती माझ्यासमोर आहे. तेव्हा पोस्टाला दोष देऊ नकोस.

इकडे मी रीत मोडली. बाईने बजावलेलं, कागद आधी आणि निरोप नंतर. पण परवा काका पगारपत्रकं न्यायला आले, खुर्चीवर उशी सारखी केली, चहा मागवला, आणि मला म्हणाले, तुझ्या चेहऱ्यावर हल्ली तेज नाही. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, काका, उद्यापासून येऊ नका. त्यांनी चष्मा पुसला. डोळ्याला लावला. आणि विचारलं, दादाला विचारलंस का?

दादाला. तीन वर्षं कारखाना मी ओढतोय, चौतीस माणसांचे पगार मी काढतोय, आणि यांना दादाची परवानगी हवी. मी त्यांची खुर्ची लाथेने उडवली. ते उठून उभे राहिले होते, तेव्हा त्यांना काही झालं नाही. पण ड्रिलवरचा कारागीर मागून पुटपुटला, म्हातारा माणूस आहे हो. त्याच्या कानाखाली काढली. तो स्टँडवर जाऊन आदळला, मनगट मुरगळलं. त्याला दोन दिवसांची भरपगारी रजा दिली. मी काही राक्षस नाही.

काकांनी दुसऱ्याच दिवशी टेम्पोने गठ्ठे पाठवले. दोरीने बांधलेले, प्रत्येकावर नंबर. बाईने मोजले तर पंधरा. काकांनीच सोबत दिलेल्या यादीत सोळा. सोळाव्यापुढे लिहिलंय, 'थोरले भागीदार यांची उचल, पावत्या'. बाई म्हणते, ताळेबंदात तुमच्या भावाच्या नावावर नऊ वर्षांत फार मोठी उचल आहे, तिच्या पावत्या पाहिल्याशिवाय मी हे काम हातात घेणार नाही.

आता तुला कळलं असेल, तू सही का करत नाहीस ते मला कळलंय. तो गठ्ठा उघडायला नको आहे तुला.

मी हिशेब कधी वाचले नाहीत, ही चूक माझी. काका फुली मारायचे, मी सही ठोकायचो. तू आत बसून प्रेसचे साचे, त्या डाय, कापायचास, मी बाहेर माल विकायचो, आणि दोघांचं बरं चाललंय असं मी समजत होतो. मला कळलं ते तीन वर्षांपूर्वी, बँकेत. नव्या प्रेससाठी कर्ज मागायला गेलो, तर तो काचेच्या केबिनमधला पोरगेला साहेब मला म्हणतो, तुमच्या थोरल्या भागीदाराची उचल पाहिलीत का, हा माणूस तुमचा कारखाना खातोय. परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं. तिथून कारखान्यात आलो तो डोक्यात राख घालूनच आलो. पुढे झालं ते झालं. तू तिजोरीत हात घातलास आणि दार लागलं.

आता नीट ऐक. सही करून पाठवलीस तर ती रक्कम मी कायमची गाडून टाकतो, चारचौघांत तुझं नाव घेणार नाही. नाही पाठवलीस तर तू ज्या लाकडाच्या वखारीत गल्ल्यावर बसतोस तिथे येईन आणि तुझ्या मालकासमोर तुला कॉलर धरून बाहेर काढीन. मोठा भाऊ आहेस म्हणून गय करणार नाही. आधीही केली नव्हती.

धाकटा

२० मे

दादा,

सोळावा गठ्ठा आणला. माझ्या टेबलावर आहे.

सकाळी अकराला काकांच्या ऑफिसात गेलो. तू किती वर्षांत गेला नसशील. तीच तळमजल्यावरची मागची खोली, बाहेर पाण्याची मोटर, आत शिक्क्यांचा स्टँड, आणि लोखंडी कपाटांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. मी चांगल्या शब्दांत सुरुवात केली. म्हटलं, काका, फी चुकती केलीय, तो एक गठ्ठा तेवढा द्या.

"तो दादाचा आहे. दादाला देईन," काका म्हणाले.

"फर्म माझी आहे."

"अर्धी."

तो एक शब्द. दादा, तो शब्द त्यांनी हळूच उच्चारला, मान खाली घालून. पण मला दिसलं की या खोलीत मला कुणी मालक मानत नाही. मी त्यांना शर्टाच्या पुढच्या भागाला धरून उचललं. फार हलके झालेत. चष्मा खाली पडला तो माझ्याच पायाखाली आला. त्यांना ढकललं तर ते कपाटाच्या कोपऱ्यावर गेले आणि कपाळ फुटलं. रक्त भुवईतून डोळ्यात उतरलं, आणि तशाही अवस्थेत हा माणूस बाहेर पळाला नाही. खालच्या खणापाशी बसला, गठ्ठा काढला आणि पोटाशी धरून पालथा पडला.

मी त्यांच्या पाठीत गुडघा दिला आणि बोटं एकेक करून सोडवली. करंगळी सोडवताना ते ओरडले. बाकी वेळ एकच बोलत होते, नेतोयस तर ने, पण वाचू नकोस, मी दादाला शब्द दिलाय.

मोटर दुरुस्त करायला आलेला एक माणूस दारात उभा होता. तो माझ्या वाटेतून बाजूला झाला. त्यानेच काकांना दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले असं ऐकलं.

तुला खोटं कशाला सांगू, परत येताना मला बरं वाटत होतं. दर वेळी वाटतं तसं. अंगातून काहीतरी उतरल्यासारखं हलकं. गाडी चालवताना शीळही घातली. कारखान्यात आल्यावर कुणीतरी माझ्या बाहीकडे बघितलं तेव्हा कळलं, बाहीवर डाग आहे. तो आता वाळून तपकिरी झालाय. शर्ट बदलायचा राहिला.

तू काय काय खाल्लंस ते उद्या बाई वाचेल. मी दोरी सोडलेली नाही. मला आकडे कळत नाहीत, आणि तुला दिलेला शब्द पाळायला एक म्हातारा मार का खातो, तेही कळत नाही.

धाकटा

२५ मे

दादा,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. फाडलेली तीन टोपलीत आहेत.

बाई एकवीस तारखेला सकाळी दहाला आली. तुझ्या खुर्चीवर बसली, दोरी सोडली आणि पहिली पावती काढली. तिला हलक्या आवाजात वाचायची सवय आहे, शिकवणीच्या मुलासारखी. तारीख, रक्कम, घेणाऱ्याची सही. मग कारण. कारण काकांच्या अक्षरात.

"वेल्डर. पुढचे दोन दात. धाकट्याने."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाईलाही तसंच वाटलं असणार, तिने परत वाचलं. मग दुसरी. हमाल, डोक्याला सात टाके आणि पंधरा दिवसांची मजुरी, धाकट्याने. प्लेटिंगवाला, कानाचा पडदा, तक्रार करणार नाही असं कबूल, धाकट्याने. शेजारच्या गाळ्याचा मालक, गाडीची काच व एक बरगडी, धाकट्याने. पेट्रोल पंपावरचा अनोळखी इसम, नाक. पॅकिंगची बाई, ट्रे फेकला तो पायावर पडला, अंगठा. एकेचाळीस पावत्या, दादा. नऊ वर्षांच्या.

बाई वाचत होती आणि मला एकेक माणूस आठवत होता. न आठवणारेही होते. ती मधे थांबली आणि टेबलावरचा लोखंडी पेपरवेट माझ्या बाजूला होता तो उचलून स्वतःच्या बाजूला ठेवला. पुढची पावती वाचायला लागली.

वेल्डर दुसऱ्या दिवशी कामावर आला तेव्हा मी म्हटलं होतं, बघ, माणसं मार विसरतात, पगार विसरत नाहीत. तू आत डाय घासत होतास, तू मान वर केली नव्हतीस. शेजारचा गाळेवाला पोलिसात गेला नाही तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो की घाबरला. माझा दरारा आहे असं समजत होतो मी. तो दरारा तू मला विकत घेऊन देत होतास.

एक पावती बाईने वाचली नाही. पलटून बाजूला ठेवायला गेली, मी हात पुढे केला. "धाकट्याची बायको. उजवा खांदा." घेणाऱ्याच्या जागी आमच्या हिची सही. बाथरूममध्ये पाय घसरला असं ही सगळ्यांना सांगत होती. मीही तेच सांगत होतो, आणि इतक्या वेळा सांगितलं की पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं. ती तुझ्याकडे आली होती हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरातलं माणूस माझ्या मारावरचं औषध आणायला तुझ्याकडे येत होतं.

सगळ्यात खाली शेवटची पावती. तारीख त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवसाची. "थोरले स्वतः. उजव्या हाताची तीन बोटं, शस्त्रक्रिया. धाकट्याने." रक्कम तुझ्याच नावावर उचल म्हणून टाकलेली. तुझ्या हाताचं बिलसुद्धा तूच भरलंस.

बाई पेन खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या भावाने एक पैसाही स्वतःसाठी घेतलेला नाही. हे मला लेखी द्यावं लागेल."

मी उठून शेडमध्ये गेलो. प्रेस चालू होते. ड्रिलवरचा कारागीर पट्टी बांधून काम करत होता. मला बघून तो एक पाऊल मागे सरला. मुद्दाम नाही, त्याचं त्यालाही कळलं नसेल. मग मी बघत गेलो. ज्याच्या ज्याच्याजवळून गेलो तो तेवढंच सरकत होता. चौतीस माणसं, आणि प्रत्येकाला माझ्या हाताची लांबी बरोबर माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं. मी जिन्यात बसून राहिलो. दोन तासांनी काका स्वतः बाहेर आले, डोक्याला पट्टी, जुना चष्मा, करंगळीला फळी बांधलेली. मला वाटलं थुंकतील. शेजारच्या पायरीवर बसले.

मी विचारलं, कारखान्याच्या खर्चात का नाही टाकलंत हे पैसे? ते म्हणाले, मी तेच सांगितलं होतं. पण खर्चात टाकलं तर निम्मा भार तुझ्या वाट्यावर पडतो आणि वर्षअखेरीला तू विचारतोस हा खर्च कसला. दादा म्हणाला, सगळं माझ्या नावावर टाका, त्याला कळलं तर तो ज्यांनी पैसे घेतले त्यांना मारेल. आणि खोटं कारण का नाही लिहिलंत, असं विचारलं तर काका चिडले. म्हणाले, "मी हिशेब लिहितो. गोष्टी लिहीत नाही."

मग खिशातून पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. आत 'माझी हरकत नाही' असं पत्र होतं. डाव्या हाताने टाइप केलेलं, चुका खोडून. म्हणाले, तू बदलतोयस ते बरोबर करतोयस, माझ्याच्याने आता होत नाही. उशिराची विवरणं खरंच माझी चूक होती. फक्त जरा नीट सांगायचंस.

दादा, आता ते सांगतो जे तुला माहीतच आहे.

त्या दिवशी बँकेतून येऊन मी तुला चोर म्हटलं, आईवरून शिवी दिली. तू डाय खाली ठेवलीस, हात पुसलास आणि म्हणालास, थांब, दाखवतो. आणि तिजोरी उघडून आत हात घातलास. 'थांब, दाखवतो' हे तू म्हणालास हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं की तू वही लपवायला गेलास. तू हा गठ्ठा काढत होतास. काका म्हणाले, तो तेव्हा तिजोरीतच असायचा, खालच्या कप्प्यात. तुझी बोटं त्या दोरीवर होती.

दार लागलं नाही. मी लावलं. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं.

सहीचं राहू दे. तुला काय वाटेल ते कर.

धाकटा

५ जून

दादा,

तुझं पाकीट आलं. दोन्ही फुल्यांवर सह्या आहेत. चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, आत बोटं घालून पाहिली.

बाईला घेऊन बँकेत गेलो. तोच काचेच्या केबिनमधला साहेब. त्याने जुनं कार्ड काढलं आणि अर्जाशेजारी ठेवलं. कार्डावरची तुझी सही, डाय कापायचास तशी, एका दमात ओढलेली, शेवटी खाली वळलेली. अर्जावरची सही उलट्या बाजूला कललेली, अक्षरं सुटी सुटी, मोठी, कागदात रुतलेली. साहेब म्हणाला, सही जुळत नाही, कुणी केली ही?

तुझीच आहे. डाव्या हाताची आहे. ती तीन बोटं कधी वळलीच नाहीत हे मला तिथे कळलं, बँकेच्या काउंटरवर. बरा झाला असेल असं मी तीन वर्षं म्हणत आलो. तू वखारीत गल्ल्यावर का बसतोस, डाय का कापत नाहीस, असं एकदाही मनात आलं नाही. मला वाटलं रुसलायस. एवढा चांगला हात आपल्या धंद्यात कुणाचा नव्हता. बाबा म्हणायचे, थोरल्याच्या डायला कानस लावावी लागत नाही.

आता मी सुधारलो असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. पण साहेबाने 'कुणी केली ही' असं विचारलं तेव्हा मला ती काच फोडावीशी वाटली. मी दोन्ही हात खिशात घातले आणि आत मुठी वळून उभा राहिलो. बाहेर आल्यावर तळव्यांना नखांचे व्रण होते. आमची ही परवा तिच्या बहिणीकडे निघून गेली. तिला सांगितलं होतं, ती पावती मी पाहिली. तिने बॅग भरली. मी दारात उभा होतो. बाजूला झालो, पण बाजूला व्हायला मला वेळ लागला, आणि तो वेळ तिने पाहिला.

एकेचाळीस पावत्या बाईने तुझ्या नावावरून काढून माझ्या नावावर टाकल्या. तुझी निघणारी रक्कम बँकेतून वेगळी येईल. बेचाळिसावी काकांच्या टाक्यांची आणि त्रेचाळिसावी ड्रिलवाल्याच्या मनगटाची मी स्वतः लिहिली. कारणाच्या जागी 'मी' असं लिहिलं.

आता शेवटचं काम. सही का जुळत नाही याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात कारणाचा रकाना आहे. बाई म्हणाली, दवाखान्याच्या कागदावर तुमच्या भावानेच अपघात लिहून दिलाय, तुम्हीही अपघात लिहा, दोन दिवसांत काम होईल. मी लिहिलं ते तिने वाचलं आणि खुर्चीत सरळ बसली. म्हणाली, हे वकिलासमोर शिक्का मारून दिलंत तर ते तुमच्यावर कुणीही वापरू शकतं. तुमच्या भावाने उद्या पोलिसात नेऊन दिलं तर तुम्ही आत जाल. म्हटलं, ठाऊक आहे. पुढे म्हणाली, राग आलाय म्हणून लिहिताय का, तसं असेल तर पंधरा दिवस थांबा. मी म्हटलं, नाही, काम होत नाही म्हणून.

आज शिक्का मारून घेतला. बँकेला नक्कल दिली आहे. मूळ कागद या पत्रासोबत तुला पाठवतोय. त्या रकान्यात असं आहे :

"माझ्या थोरल्या भावाची सही जुळत नाही, कारण त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मी कारखान्याच्या तिजोरीच्या दारात चेचली. तो अपघात नव्हता. मी दार दोनदा मारलं. पहिल्यांदा मारलं तेव्हा मी रागात होतो. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा हात आत आहे हे मला दिसत होतं."

याचं काय करायचं ते तू ठरव. मी सकाळी आठपासून कारखान्यातच असतो. पोलिसांना तसं सांग.

धाकटा